21 मतांत काय बसत नाही

ठाण्याच्या वर्तकनगरातल्या म्हाडाच्या जुन्या इमारतींत जिन्याखाली एक फळा असतो. पाणी किती वाजता येणार, मेंटेनन्स कुणाचा थकला, गणपतीची वर्गणी किती, हे सगळे त्यावर असते. आता त्याच फळ्यांवर एक ओळ वारंवार दिसते : 'विशेष सर्वसाधारण सभा. विषय : इमारतीचा पुनर्विकास.' पोखरण रोड नंबर 1 वरून चालत गेले तर कारण डोळ्यांसमोरच असते. एका बाजूला चार मजली, लिफ्ट नसलेली, गच्चीवर पत्रा टाकलेली इमारत. तिच्या पलीकडे मान वर करून पाहावे लागेल असा टॉवर. कॅडबरी जंक्शनवरून जाणाऱ्या मेट्रो 4 च्या खांबांनी जागेच्या भावाची चर्चाही वर नेली आहे.

अशा सभेत घर पाडायचे की नाही, पाडायचे तर कुणाच्या हातात द्यायचे, एवढेच ठरवायचे असते. पण तासाभरात वाद भलत्याच जागी पोहोचतो. एक जण म्हणतो, "कागद बाजूला ठेवा, शेवटी आपल्याला किती मिळणार ते सांगा." दुसरा म्हणतो, "किती मिळणार ते नंतर, हे बरोबर आहे का ते आधी सांगा." दोघेही घरी जाताना म्हणतात की समोरच्याला व्यवहार कळत नाही. खरे तर दोघे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. ते प्रश्न सुटे केले, तर सभेतली निम्मी भांडणे मिटतात. ते कसे सुटे करायचे, ते पायरी पायरीने पाहू.

दोन मोजपट्ट्या

पहिली मोजपट्टी परिणामांची. कृतीतून एकूण सुख किती वाढले आणि दुःख किती घटले, ते मोजा; जिची बाकी जास्त ती कृती योग्य. इंग्लंडमधल्या जेरेमी बेंथमने 1789 च्या ग्रंथात हा विचार पद्धतशीर मांडला, पुढे जॉन स्टुअर्ट मिलने तो सुधारला. अर्थशास्त्रातला नफा-तोट्याचा ताळेबंद याच घराण्यातला.

दुसरी मोजपट्टी कर्तव्याची. परिणाम काहीही होवो, काही गोष्टी करायच्या नसतात आणि काही टाळायच्या नसतात. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट याने 1785 मध्ये सांगितलेल्या सूत्राचा मथितार्थ असा, की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. सोसायटीच्या भाषेत सांगायचे तर, 39 जणांचे घर मोठे व्हावे म्हणून चाळिसाव्याला फसवता येत नाही, मग बेरीज कितीही गोड येवो.

मराठी वाचकाला हा वाद परका नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'आधिभौतिक सुखवाद' या नावाचे अख्खे प्रकरण आहे आणि बेंथम-मिल यांच्या मताची तिथे कसून तपासणी आहे. ग्रंथात एक उदाहरण चक्क पायाभूत सुविधेचे येते. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात लोकांच्या सोयीसाठी ट्राम सुरू करायची होती. परवानगीला उशीर होत होता. व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना पैसे चारले, परवानगी मिळाली, ट्राम धावू लागली, सगळ्यांची सोय झाली. पुढे लाच उघड झाली आणि त्याच्यावर खटला चालला. पहिल्या ज्यूरीत एकमत होईना. दुसऱ्या ज्यूरीने त्याला दोषी धरले. फायदा तर सगळ्या शहराचा झाला होता, मग गुन्हा कशाचा? टिळकांचा मुद्दा असा, की बाहेर दिसणाऱ्या फायद्याची बेरीज करून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. करणाऱ्याची बुद्धी कशी होती, हे पाहावेच लागते.

दुसरी बाजूही तेवढीच वजनदार आहे. अमर्त्य सेन यांनी 2009 च्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' या ग्रंथात कृष्णार्जुन संवादाकडे वळून अर्जुनाची बाजू घेतली. माणसे मरणार आहेत, आणि त्यातली काही माझ्या हातून मरणार आहेत, हा विचार त्यांना दुबळेपणाचा वाटत नाही. मात्र परिणाम म्हणजे केवळ शेवटची बेरीज, असेही ते मानत नाहीत. ती बेरीज कोणत्या मार्गाने आली, कुणी काय केले, कुणाचा शब्द मोडला, हे सगळे परिणामातच धरायला हवे.

वर्तकनगरात या दोन्ही मोजपट्ट्यांचे एक रूप दरवर्षी गोपाळकाल्याला रस्त्यावर दिसते. इथे लाखोंच्या बक्षिसांची हंडी लागते. किती थर लावायचे, तळाला कोण, दोरी किती उंच, हा सगळा हिशेब पथकाने करायचा. पण सर्वांत वर चिमुरडे पोर चढवायचे का, हा प्रश्न हिशेबातून बाहेर काढला गेला : 2017 मध्ये प्रकरण पुन्हा मुंबई उच्च न्यायालयापुढे आल्यापासून 14 वर्षांखालील मुलांना थरांत घेता येत नाही. 'आमच्या पोराला आजवर खरचटलेही नाही' हे म्हणणे खरे असले, तरी ते इथे चालत नाही. बक्षीस मोठे केल्याने नियम हलत नाही. कर्तव्याने कुंपण घातले. कुंपणाच्या आत थर किती लावायचे ते तुम्ही ठरवा.

पुनर्विकासाची सभाही अशीच चालवायची असते.

पायरी पहिली : अहवाल विकत घ्यायचा नाही

सुरुवात स्ट्रक्चरल ऑडिटपासून होते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम 265 (अ) नुसार 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. त्यातून इमारतीला चारपैकी एक वर्ग मिळतो. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-2 अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-2 ब म्हणजे राहते ठेवून संरचनात्मक दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी.

इथेच पहिला मोह उभा राहतो, आणि तो दोन्ही दिशांनी ओढतो. ज्यांना लवकर टॉवर हवा असतो, त्यांना सी-1 चा शेरा सोयीचा वाटतो : इमारत रिकामी करावीच लागेल, विरोधकांचे तोंड बंद. ज्यांना घर सोडायचे नसते, त्यांना सी-2 ब बरा वाटतो : आणखी पाच वर्षे निघाली. दोघेही निकाल आधी ठरवून अहवाल मागवत असतात. खांबातली सळई गंजली आहे की नाही, याला मतदान लागत नाही. इथे परिणामांचा विचार अभियंत्याचे निदान झाल्यावर करायचा, आधी नाही.

असे का, ते ठाण्याने भोगले आहे. 2015 मध्ये आठवडाभराच्या अंतराने ठाकुर्लीत आणि ठाण्याच्या नौपाड्यात बी-केबिन परिसरात जुन्या इमारती कोसळून माणसे गेली. नौपाड्यातल्या कृष्णा निवासमध्ये 12 जण दगावले. जुन्या इमारतीतून न हलण्यामागे माणसांची कारणे खोटी नसतात : भाडे परवडत नाही, मुलांची शाळा जवळ आहे, एकदा बाहेर पडलो तर परत आत येऊ की नाही याची भीती आहे. म्हणून 'रिकामी करा' एवढे सांगून कर्तव्य पुरे होत नाही. कुणाचे घर किती क्षेत्रफळाचे होते, याची महापालिकेकडे लेखी नोंद करून घेणे हाही त्याच कर्तव्याचा भाग. हक्काची चिंता मिटली, की माणूस जीव वाचवायला तयार होतो.

पायरी दुसरी : 27 आणि 21

आता मतदान. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधल्या कलम 79 (अ) खाली राज्य सरकारने 3 जानेवारी 2009 रोजी पुनर्विकासाची कार्यपद्धती घालून दिली आणि 4 जुलै 2019 रोजी ती सुधारली. पूर्वी तीन चतुर्थांशांचा निकष होता. 2019 पासून सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत आणि निर्णयाला एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची लेखी संमती हवी.

समजा, आपल्या इमारतीत 40 घरे आहेत. मग सभेला 27 जण यावे लागतील आणि 21 जणांनी 'हो' म्हटले की निर्णय झाला. म्हणजे 19 जणांची नापसंती असतानाही घर पडू शकते. 2019 चा बदल परिणामांकडे पाहून झाला : दोन-चार जणांच्या अडवणुकीमुळे मोडकळीला आलेल्या इमारती वर्षानुवर्षे लटकत होत्या. उच्च न्यायालयानेही 2009 मध्ये गिरीश मेहता विरुद्ध महेश मेहता या प्रकरणात स्पष्ट केले, की सोसायटीने रीतसर निर्णय घेतला असेल तर अल्पमतातला सभासद त्याने बांधला जातो.

पण त्याच 2019 च्या कार्यपद्धतीत अशाही गोष्टी आहेत, ज्या 40 पैकी 40 मतांनीही बदलायच्या नाहीत. विकासकाची निवड सहकारी संस्थांच्या निबंधकांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर व्हावी, चित्रीकरण व्हावे. निविदा सभासदांसमोर उघडाव्यात. समितीच्या पदाधिकाऱ्याचा विकासकाशी नातेसंबंध नसावा. विकासकाने प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के रकमेची बँक गॅरंटी द्यावी. म्हाडाच्या जमिनीवर तर म्हाडाची परवानगीही लागते, कारण अनेक ठिकाणी जमीन भाडेपट्ट्यावर असते आणि मालकी म्हाडाचीच राहते.

यात एक खोच आहे. ही कार्यपद्धती मार्गदर्शक स्वरूपाची आहे, एखादी पायरी चुकली म्हणून सगळा निर्णय आपोआप रद्द होत नाही, असे न्यायालयांनी म्हटले आहे. त्याचा अर्थ काही सेक्रेटरी 'मग कशाला एवढी कटकट' असा लावतात. उलट इथेच कर्तव्याचे खरे काम सुरू होते. चित्रीकरण का करायचे? कारण सभेत बसलेल्या कुणालाही पाच वर्षांनंतरचा परिणाम दिसत नसतो. परिणाम दिसत नाही तेव्हा रीत हाच एकमेव आधार उरतो.

पायरी तिसरी : जास्तीचे 60 फूट

कुंपण घालून झाले. आता हिशेबाची वही मोकळेपणाने उघडायची. इथे भावनेची गरज नाही. दोन निविदा आल्या आहेत असे धरू. 'अ' विकासक प्रत्येक घराला 180 चौरस फूट जादा कार्पेट देतो. 'ब' देतो 120. बहुतेक सभा इथेच संपतात : 'अ' चांगला.

थोडे थांबू. फरक 60 फुटांचा. भाव 15,000 रुपये फूट धरला, तर फरक 9 लाखांचा झाला. आता दुसरा रकाना. घर सोडल्यावर विकासक दरमहा भाडे देणार. ते 25,000 रुपये धरू. 'अ'चे काम मध्येच रखडले आणि भाडे बंद झाले, तर ते आपल्या खिशातून जाणार. 25,000 गुणिले 36 महिने म्हणजे 9 लाख. तीन वर्षांच्या रखडण्याने 60 फुटांचा सगळा फायदा फिटला. चौथ्या वर्षापासून तोटा सुरू.

म्हणून जास्तीच्या फुटांसमोर विचारायचे प्रश्न : याचे आधीचे किती प्रकल्प वेळेत झाले, किती इमारतींना ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाले? बँक गॅरंटी खरी आहे का? भाडे आगाऊ देणार का? देऊ केलेला एरिया मंजूर होऊ शकणाऱ्या एफएसआयमध्ये (चटई क्षेत्र निर्देशांकात) बसतो का, की आधी सह्या घेऊन नंतर 'नियम बदलले' म्हणायचे? प्रकल्प सल्लागाराच्या व्यवहार्यता अहवालात याचे उत्तर मिळाले पाहिजे. परिणाम मोजणाऱ्यांवर नेहमीचा आक्षेप असतो की ते फार हिशेबी असतात. सोसायट्यांत दिसते ते असे, की ते पुरेसे हिशेबी नसतात. ते फक्त पहिला रकाना मोजतात.

पायरी चौथी : तळमजल्यावरच्या आजी

बेरीज चांगली आली तरी ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या, कुटुंब निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आजींचे उदाहरण घेऊ. आज त्यांचा मेंटेनन्स महिना 1,200 रुपये. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक, पार्किंग मिळून तो 6,000 झाला, तर महिन्याला 4,800 रुपये जादा. घराची किंमत कागदावर लाखांनी वाढली, पण आजींच्या पासबुकात दरमहा खड्डा पडला. त्या सभेत 'नको' म्हणतात तेव्हा त्यांना प्रगती नको असते असे नाही. त्यांचा हिशेब बरोबर असतो.

अर्थशास्त्रात यासाठी एक कसोटी आहे. निकोलस कॅल्डॉर आणि जॉन हिक्स यांनी 1939 मध्ये ती मांडली : ज्यांचा फायदा झाला ते तोटा झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर बदल हितकारक समजावा. गोम 'करू शकत असतील' या शब्दांत आहे. भरपाई प्रत्यक्ष दिली नाही तरी कसोटी पास होते. सरकारला धरण किंवा महामार्गाच्या बाबतीत ही पळवाट मिळत असेल. 40 घरांच्या सोसायटीत ती शोभत नाही, कारण इथे तोटा होणारी व्यक्ती रोज जिन्यात भेटते.

भरपाईचे साधन हाताशीच असते. विकासक सभासदांना देतो त्या एकरकमी निधीला सभेत 'कॉर्पस' म्हणतात. महिन्याचे 4,800 म्हणजे वर्षाचे 57,600. सहा टक्के व्याज धरले, तर एवढे व्याज सुटायला 9 लाख 60 हजारांची ठेव हवी, आणि महागाई धरली तर त्याहून जास्त. विकासक कॉर्पस म्हणून किती देतो, हा आकडा या मापाने वाचायचा. तो कमी असेल, तर जास्तीच्या फुटांपैकी काही सोडून कॉर्पस वाढवून मागण्याचा प्रस्ताव सभेपुढे ठेवता येतो. कर्तव्य म्हणजे नुसती सहानुभूती नव्हे. ते करारातल्या एका आकड्यात उतरवता येते.

नकार देणारे सगळेच आजींसारखे नसतात, हेही मान्य करू. काही जण 'तत्त्वा'च्या नावाखाली शेवटपर्यंत सही अडवतात आणि गुपचूप जादा एरिया घेऊन सोडतात. ओळखायची खूण सोपी आहे : तो जी सवलत मागतो ती तशाच स्थितीतल्या प्रत्येकाला मिळावी, असे तो भर सभेत म्हणू शकतो का? आजी म्हणू शकतात. अडवणारा म्हणू शकत नाही. सर्वांना लागू करता येईल तोच नियम खरा, ही कांटची दुसरी कसोटी इथे फळ्यावरच्या खडूइतकी कामाची ठरते.

शिवाय ज्यांना मतच नाही, त्यांचेही थोडे पाहावे. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या भाडेकरूला ना कॉर्पस, ना शिफ्टिंगचे पैसे. त्याला निदान शाळेचे वर्ष संपेपर्यंतची मुदत मिळावी. चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंची चारही कामे एका दिवशी सुटतात. त्यांना दोन महिने आधी सांगण्याला खर्च येत नाही.

कुंपण मोडले तर

कर्तव्याचा टप्पा गाळला आणि थेट परिणामांवर उडी मारली तर काय होते, ते आपल्याच जिल्ह्यात दिसले. 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळून 74 माणसे मेली. स्वस्त घर मिळाले, बांधणाऱ्याला पैसा मिळाला, मजुरांना काम मिळाले. कोसळेपर्यंत बेरीज सगळ्यांना छान दिसत होती. पुढे अटक झालेल्यांत महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही होते. टिळकांनी सांगितलेली ट्राम निदान धावली तरी होती.

कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींचे प्रकरण अधिक अवघड आहे. महापालिकेची बनावट बांधकाम परवानगीपत्रे दाखवून महारेरा या गृहनिर्माण नियामकाची नोंदणी मिळवली गेली, घरे विकली गेली. 19 नोव्हेंबर 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. महिन्याभरातच, 17 डिसेंबर 2024 रोजी, उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वेळ गेला, पैसा गुंतला किंवा अधिकाऱ्यांनी डोळेझाक केली म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. आणि बँकांनीही ओसी तपासूनच कर्ज द्यावे.

परिणामवादी विचारेल : हजारो कुटुंबे रस्त्यावर आणून कुणाचे भले होणार? कर्तव्यवादी उत्तर देईल : हे माफ केले, तर पुढची 65 बनावट पत्रे आजच छापली जातील. दोघांच्याही म्हणण्यात वजन आहे, म्हणूनच हा प्रश्न छळतो. पण नीट पाहिले तर दिसते, की अशा टोकाला निवड चांगल्या आणि वाईटात उरलेलीच नसते. दोन वाइटांत निवड करावी लागते, आणि ती वेळ आधीच्या कुणाच्या तरी हिशेबाने आणलेली असते. पहिले खोटे पत्र वेळीच पकडले असते, तर एक विकासक अडचणीत आला असता. ते चालवून घेतल्याने कर्ज काढून घर घेणारी, हातात महारेराचा क्रमांक असलेली माणसे अडचणीत आली. कर्तव्य सुरुवातीला स्वस्त असते. जेवढे पुढे ढकलावे, तेवढे त्यावर व्याज चढते, आणि ते बहुधा तिसऱ्याच माणसाला फेडावे लागते.

फळ्यावर काय लिहायचे

म्हणून विशेष सर्वसाधारण सभेची सूचना लिहिताना विषयांचे दोन भाग करावेत. पहिल्या भागात मताला न टाकायच्या गोष्टी : ऑडिटचा अहवाल जसा आला तसा वाचून दाखवणे, पदाधिकाऱ्यांनी विकासकाशी नाते नसल्याचे लेखी देणे, निविदा सर्वांसमोर उघडणे, बँक गॅरंटी, परवानगीपत्रांची थेट महापालिका आणि म्हाडाकडून खातरजमा, ज्येष्ठ आणि एकट्या सभासदांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवणे. दुसऱ्या भागात मतदानाच्या गोष्टी : कोणता विकासक, किती एरिया, किती कॉर्पस, किती भाडे, किती मुदत. पहिला भाग पुरा झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही.

40 घरांच्या इमारतीत 21 मतांनी विकासक निवडता येतो. खांबाची सळई, बनावट पत्र आणि आजींचा मेंटेनन्स यांतले काहीही 21 मतांनी बदलत नाही. पुढच्या सभेला जाताना निविदेची झेरॉक्स न्याच. पण बसल्यावर पहिला प्रश्न एरियाचा विचारू नका.